जनुक कापण्याआधीचा हिशेब

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, तज्ज्ञांची एक सल्लागार समिती बोलावली होती. समितीपुढे विषय होता सिकलसेल आजारावरच्या एका नव्या उपचाराचा. रुग्णाच्या रक्तमूळपेशी बाहेर काढायच्या, क्रिस्पर-कॅस९ या विकराने त्यांच्यातल्या बीसीएल११ए या जनुकाच्या नियंत्रक भागावर काप घ्यायचा आणि त्या पेशी पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडायच्या, असा हा उपचार. तो लागू पडतो की नाही, यावर त्या दिवशी फारसा वाद नव्हता. पुरेसा काळ पाहणी झालेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर तीव्र वेदनांचा एकही झटका आला नव्हता. एफडीएने समितीकडे मत मागितले ते वेगळ्याच मुद्द्यावर. हे विकर ठरलेल्या जागेखेरीज भलत्याच ठिकाणी काप घेत नाही ना, याची छाननी पुरेशी झाली आहे का? त्या छाननीचा पहिला टप्पा संगणकावर पार पडला होता. कुठे काप बसू शकेल याचे भाकीत करून त्या संशयित जागा मग प्रयोगशाळेत तपासल्या होत्या. ८ डिसेंबरला उपचाराला मान्यता मिळाली, ‘कॅसजेव्ही’ या नावाने तो बाजारात आला, त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. समितीपुढचा प्रश्न मात्र एका औषधापुरता नव्हता. जनुकसंपादनाचा आता जवळजवळ कोणताही प्रकल्प संगणकीय भाकिताशिवाय सुरू होत नाही. त्या भाकितावर किती विसंबायचे, हे मॉडेलच्या हुशारीपेक्षा ते कोणत्या मोजमापांवर उभे आहे यावर जास्त ठरते, आणि भारतासारख्या देशाने या विषयात लक्ष घालण्याचे कारणही हेच आहे.

आधी हे विकर, म्हणजे एन्झाइम, नेमके करते काय ते पाहू. कॅस९ हे मुळात घशाचा संसर्ग करणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस पायोजेनेस या जिवाणूचे. अंगावर आलेल्या विषाणूचा डीएनए ओळखून तो तोडण्यासाठी जिवाणूने ते बाळगलेले असते. १३६८ अमिनो आम्लांच्या या प्रथिनाला आपल्याला हवा तो छोटा मार्गदर्शक आरएनए जोडला की ते त्या आरएनएशी जुळणाऱ्या जागी डीएनएचे दोन्ही धागे कापते, हे जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पांतिए यांच्या गटांनी २०१२ मध्ये दाखवले. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. जुळणी २० अक्षरांची असते, पण विकर ती २० अक्षरे थेट वाचू लागत नाही. आधी ते डीएनएवर एक छोटी खूण शोधते. कोणतेही एक अक्षर आणि त्याला लागून दोन जी, एवढीच ती खूण. तिला पॅम म्हणतात. खूण सापडली की तिच्या लगतचे धागे विलग होतात आणि एकेक अक्षर आरएनएशी ताडले जाते. खुणेजवळच्या अक्षरांतच गफलत निघाली तर विकर बहुधा क्षणात निसटून जाते. गफलत दुसऱ्या टोकाला असली तर मात्र ते पुष्कळदा खपवून घेते आणि काप मारते. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये या अवस्थेतल्या विकराची रचना टिपली. दूरच्या टोकाला तीन अक्षरे जुळत नसतानाही प्रथिनाचा एक भाग पुढे येऊन ती न जुळणारी जोडी सावरून धरतो, असे त्यांना दिसले. चुकीच्या जागी बसणारा काप असा विकराच्या घडणीतूनच येतो. ज्याचे कारण घडणीत आहे त्याला काही नियम असणार, आणि नियम असेल तिथे भाकिताला जागा आहे.

यावर कोणी म्हणेल, भाकिताच्या भानगडीत पडायचेच कशाला? प्रत्यक्ष करून पाहा, मोजा आणि ठरवा. हा आक्षेप रास्त वाटतो, पण आकडे मांडले की तो टिकत नाही. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३१० कोटी अक्षरे आहेत. दोन्ही धागे धरले तर दोन जींची खूण त्यात तीस-चाळीस कोटी ठिकाणी सापडेल. एका जनुकातच काप घेण्याजोग्या जागा डझनांनी निघतात आणि त्या सगळ्या सारख्या नसतात. एकाच जनुकावर रचलेल्या दोन मार्गदर्शक आरएनएंपैकी एकाने बहुतेक पेशींत काप बसतो, दुसऱ्याने जेमतेम काही पेशींत. त्यातल्या प्रत्येकाशी थोड्या फरकाने जुळणाऱ्या, म्हणून धोक्याच्या ठरू शकणाऱ्या जागा जनुकसंचभर शेकड्यांनी किंवा हजारांनी विखुरलेल्या असतात. २० अक्षरांचे शक्य तेवढे सगळे क्रम मोजायचे म्हटले तर आकडा एक लाख कोटींच्या वर जातो. ही सगळी चाचपणी कोणत्याही प्रयोगशाळेच्या आवाक्यात नाही. त्यामुळे भाकीत करायचे की नाही, हा पर्यायच उरत नाही. काय मोजायचे आणि काय न मोजता सोडायचे, याची निवड कोणी ना कोणी करणारच. ती अंदाजपंचे करायची की नोंदींच्या आधारे, एवढेच आपल्या हातात आहे.

या नोंदी तयार होतात कशा, हे जवळून पाहिले की मॉडेलचे खरे भांडवल कशात आहे ते कळते. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये जॉन डोएन्च आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उंदराची सहा आणि माणसाची तीन जनुके निवडली. ही जनुके पेशीच्या पृष्ठभागावर दिसणारी प्रथिने घडवतात, म्हणून ती मुद्दाम घेतली होती. त्यांच्यावर १८४१ वेगवेगळे मार्गदर्शक आरएनए सोडले. प्रथिनाला चिकटणारा चमकता रंग पेशींना लावला. ज्या पेशीत काप यशस्वी झाला तिथे प्रथिन बनेना, म्हणून ती पेशी चमकेना. न चमकणाऱ्या पेशी वेगळ्या काढून त्यांच्यात कोणता आरएनए जास्त वेळा सापडतो ते मोजले, तेव्हा चांगल्या-वाईटाचा पहिला भरवशाचा क्रम हाती आला. खुणेला लागून असलेल्या विसाव्या जागी जी असेल तर काम चांगले होते, असे काही नियम त्यातून निघाले. पुढे सोलच्या योन्सेई विद्यापीठात ह्योंगबम किम यांच्या गटाने हीच मोजणी आणखी मोठ्या प्रमाणावर केली. त्यांनी एकेका विषाणूत मार्गदर्शक आरएनए आणि त्याच्याशी जुळणारी जागा शेजारी शेजारी बसवून अशा हजारो जोड्या पेशींत सोडल्या, त्यावर विकर सोडले आणि काही दिवसांनी सगळा डीएनए वाचून काढला. जोडी एकत्रच असल्यामुळे कोणत्या आरएनएने आपली जागा किती टक्के वेळा कापली, हे एकाच वाचनात कळते. २०१९ मध्ये अशा १२,८३२ जागांच्या मोजमापावर त्यांनी डीपएसपीकॅस९ हे मॉडेल शिकवले. ‘डीप’ या शब्दाचा गाजावाजा होतो, पण त्या मॉडेलची किंमत मुख्यतः त्या बारा हजार नोंदींत आहे. नोंदी एकाच पद्धतीने, एकाच प्रकारच्या पेशीत, एकमेकांशी ताडता येतील अशा रीतीने केलेल्या आहेत. त्यातून अक्षरक्रम आणि विकराची कामगिरी यांचा संबंध शोधणे, हे मॉडेलचे काम.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो जास्त वजनदार आहे. मॉडेल आकडा सांगते, कारण सांगत नाही. ज्याचे कारण कळत नाही त्यावर माणसाच्या शरीराबाबत कसे विसंबायचे? यातला पहिला भाग मान्य करायला हवा. मशीन लर्निंगची बरीच मॉडेले आतून काय करतात ते उलगडून दाखवणे अवघड असते. पण वैद्यकात कारण पुरते न कळता गुण कळलेली औषधे पुष्कळ आहेत. तिथे विश्वास बसतो तो स्वतंत्र, पुन्हा पुन्हा केलेल्या चाचण्यांवर. कसोटी म्हणून एवढेच विचारायचे, की मॉडेलने कधीही न पाहिलेल्या नोंदींवर, दुसऱ्याच प्रयोगशाळेच्या नोंदींवर, ते कसे उतरते. या कसोटीवर मॉडेले सपशेल नापास होत नाहीत, पण त्यांचे गुण हमखास घसरतात. स्वतःच्या प्रयोगशाळेतून बाजूला ठेवलेल्या नोंदींवर मिळणारे यश आणि परक्या नोंदींवर मिळणारे यश यांत मोठे अंतर पडते. ते का पडते, याचे उत्तर शोधताना आक्षेपाचा दुसरा भाग, म्हणजे कारण न कळण्याचा धोका, खरा किती आणि कुठे आहे तेही स्पष्ट होते.

२०१६ मध्ये माक्सिमिलियन हॉयस्लर आणि सहकाऱ्यांनी त्या वेळची बहुतेक भाकीतसूत्रे घेऊन ती अनेक प्रयोगशाळांच्या नोंदींवर तपासली. निष्कर्ष साधा, पण डोळे उघडणारा होता. मार्गदर्शक आरएनए पेशीच्या आत बनवला आहे की परीक्षानळीत बनवून पेशीत टोचला आहे, यावर कोणते सूत्र चालेल ते ठरत होते. पेशीत तो बनवायचा तर सहसा यू६ नावाच्या प्रवर्तकाचा, म्हणजे आरएनए लिहायला जिथून सुरुवात होते त्या डीएनएच्या तुकड्याचा, आधार घेतात. झेब्राफिशच्या भ्रूणात टोचायचा तर तो आधी बाहेर टी७ प्रवर्तकावर तयार करतात. एका पद्धतीच्या नोंदींवर शिकलेले सूत्र दुसऱ्या पद्धतीत गडबडत होते. याचे एक कारण समजायला सोपे आहे. यू६ वरून आरएनए लिहिणारी यंत्रणा चार टी ओळीने आले की तिथेच थांबते, त्यामुळे असा आरएनए अर्धवट राहतो आणि कामगिरी घसरते. मॉडेलच्या दृष्टीने तो ‘वाईट’ आरएनए. पण दोष कापणाऱ्या विकराचा नसून आरएनए बनवणाऱ्या यंत्रणेचा आहे. कारण न विचारता शिकलेल्या मॉडेलला हा फरक कळत नाही. ते दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात मिसळते आणि परिस्थिती बदलली की चुकते. वनस्पतींबाबतही अनुभव असाच आहे. माणसाच्या पेशींवर शिकलेल्या सूत्रांचा क्रम रोपांमधल्या प्रत्यक्ष कामगिरीशी पुष्कळदा जुळत नाही. कोकणातल्या पावसाच्या नोंदींवर बसवलेला अंदाज मराठवाड्यात वापरावा, तसे हे होते. गणित बरोबर असते, पण आभाळ वेगळे.

पेशीची आतली स्थितीही या फरकात भर घालते. पेशीत डीएनए मोकळा पडलेला नसतो. प्रथिनांभोवती गुंडाळून, घड्या घालून तो ठेवलेला असतो आणि कोणता भाग उलगडलेला, कोणता घट्ट मिटलेला, हे पेशीच्या प्रकारावर ठरते. यकृताच्या पेशीत उघडा असलेला भाग रक्ताच्या पेशीत मिटलेला असू शकतो, आणि मिटलेल्या भागात विकराचा शिरकाव कठीण. किम यांच्याच गटाने २०१८ मध्ये कॅस९ च्या भावंडासारख्या सीपीएफ१ या विकरासाठी सुमारे १५,००० जागांवर मॉडेल शिकवले, तेव्हा डीएनए किती उघडा आहे याची माहिती जोडल्यावर भाकीत सुधारले. यातून एक गोष्ट ठरते. नुसती अक्षरे वाचून केलेले भाकीत अपुरे असते. ज्या पेशीवर उपचार करायचे, त्या पेशीची माहिती मॉडेलला मिळायला हवी, आणि ती माहिती कुणीतरी प्रयोगशाळेत बसून मिळवायला हवी. काप बसल्यावर पेशी तो कसा सांधते, याच्या भाकितालाही हेच लागू आहे. ‘इनडेल्फी’ नावाच्या मॉडेलने २०१८ मध्ये दाखवले की सांधणी आपण समजत होतो तेवढी मनमानी नसते. काही जागी बहुतेक पेशी एकच ठरावीक बदल करून मोकळ्या होतात. हे मॉडेलही उभे राहिले ते जवळपास दोन हजार जागांवरच्या प्रत्यक्ष सांधण्या मोजून.

मग नव्या पिढीच्या मॉडेलांचे काय? ती आता मार्गदर्शक आरएनएपुरती थांबत नाहीत, विकरच बदलतात. प्रयोगशाळेतल्या मोजणीची गरज आता संपत आली, असा आशावाद इथेच सगळ्यात जोरात ऐकू येतो. एक उदाहरण तपासून पाहू. कॅस९ ची पॅम ओळखण्याची क्षमता प्रामुख्याने त्याच्या ११३५ ते १३३७ क्रमांकांच्या दरम्यानच्या सहा अमिनो आम्लांवर अवलंबून असते. प्रत्येक जागी २० पर्याय, म्हणजे एकूण ६ कोटी ४० लाख वेगवेगळी विकरे. हार्वर्डशी संलग्न मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातल्या बेंजामिन क्लाइनस्टिव्हर यांच्या गटाने त्यांतली जवळपास एक हजार प्रत्यक्ष बनवून प्रत्येकाचे काम मोजले आणि त्या आधारे मॉडेलला उरलेल्या सगळ्यांची पॅम सांगायला लावली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात मॉडेलने सुचवलेली विकरे पुन्हा प्रयोगात उतरवून पाहिली. डोळ्यांच्या एका आनुवंशिक आजारात ऱ्होडोप्सिन जनुकाची सदोष प्रत तेवढी कापायची आणि निरोगी प्रत शाबूत ठेवायची, एवढे नेमके काम त्यांतल्या काहींनी पेशींत आणि उंदरांत करून दाखवले. याआधी शोध चालला होता तो कोणतीही खूण चालणाऱ्या सर्वभक्षी विकराचा. पण ज्याला सगळेच चालते, ते जागा शोधण्यात वेळ घालवते आणि चुकीच्या जागीही बसते. कामापुरते नेमके विकर निवडता येणे हा त्याहून शहाणपणाचा मार्ग, आणि तो मोकळा केला संगणकाने. एक हजार मोजमापांतून सहा कोटींचा नकाशा मिळाला, ही भाकिताच्या बाजूची सर्वात जोरदार साक्ष आहे. पण तीच साक्ष दुसरेही काही सांगते. आधी एक हजार विकरे हाताने बनवावी लागली, नंतर निवडलेली पुन्हा तपासावी लागली. मोजणीची जागा बदलली. मोजणी गेली नाही.

‘ओपनक्रिस्पर-१’ या विकराची गोष्टही तशीच. प्रोफ्लुएंट या अमेरिकी कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलेले हे विकर निसर्गात कुठेच नाही. भाषेची मॉडेले शब्दांचे क्रम शिकतात त्या पद्धतीने, दहा लाखांहून अधिक क्रिस्पर प्रणालींच्या माहितीवर शिकलेल्या मॉडेलने ते रचले. १३८० अमिनो आम्लांचे हे प्रथिन मूळ कॅस९ पेक्षा चारशेहून अधिक जागी वेगळे आहे, तरी ते माणसाच्या पेशींत काप घेते. एकेक अमिनो आम्ल बदलत जाणाऱ्या संशोधकाला चारशे बदलांची ही उडी कधीच जमली नसती. त्यातले बहुतेक बदल एकेकटे केले तर प्रथिन निकामी होण्याचीच भीती. त्यामुळे यंत्राने निव्वळ पाठांतर केले, असे म्हणून हे काम उडवून लावता येणार नाही. पण लक्षात घ्यावे की मॉडेलने ज्यावर धडे गिरवले ती कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीने पारखून टिकवलेली प्रथिने आहेत. निसर्गानेच केलेल्या प्रयोगांच्या त्या नोंदी आहेत, आणि जगभरच्या संशोधकांनी मातीतून, पाण्यातून, आतड्यांतून गोळा केलेले जिवाणूंचे डीएनए वाचले नसते तर त्या हाती लागल्याच नसत्या. शिवाय नव्या विकराने कुठे काप घेतला, कुठे नाही, हे शेवटी पेशीतच मोजावे लागले.

आता पुन्हा सिकलसेलकडे येऊ, कारण मोजमाप कुणाचे, हा प्रश्न तिथे सगळ्यात उघडा पडतो. चुकीच्या जागांचा संगणकीय शोध सहसा एका प्रमाण जनुकसंचावर घेतला जातो. प्रत्यक्षात दोन माणसांच्या जनुकसंचांत लाखो ठिकाणी फरक असतो, आणि एखाद्या फरकामुळे जिथे दोन जींची खूण नव्हती तिथे ती तयार होऊ शकते. बॉस्टनच्या संशोधकांनी ‘क्रिस्परमी’ हे साधन बनवून अशा फरकांसकट शोध घेतला आणि जानेवारी २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. बीसीएल११ए वरच्या याच उपचारातल्या मार्गदर्शक आरएनएसाठी त्यांना सीपीएस१ या जनुकात एक नवी संशयित जागा सापडली. ती जागा प्रमाण जनुकसंचात नव्हतीच. आफ्रिकी वंशाच्या लोकांत साधारण साडेचार टक्के प्रमाणात आढळणाऱ्या एका अक्षरबदलामुळे ती तयार होत होती. तो बदल असलेल्या व्यक्तीच्या पेशी घेऊन त्यांनी प्रयोग केला, तेव्हा त्या जागी खरोखर काप बसलेला आढळला. अमेरिकेत सिकलसेलचे बहुसंख्य रुग्ण आफ्रिकी वंशाचेच आहेत. ज्यांच्यासाठी औषध, त्यांचाच जनुकसंच पहिल्या शोधातून निसटण्याची शक्यता होती.

या उदाहरणावर घाबरून जाणारे आहेत, तसे खांदे उडवणारेही आहेत. खांदे उडवणाऱ्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. सीपीएस१ हे जनुक मुख्यतः यकृतात काम करते, त्यामुळे रक्ताच्या पेशीत त्याच्या प्रथिन न घडवणाऱ्या भागावर काप बसला तरी बहुधा काही बिघडणार नाही. उलट सिकलसेल आजार आजच माणसांचे हाल करतो, आयुष्य कमी करतो. दूरच्या शक्यतेपायी हाताशी असलेला उपचार अडवणे हा कोणता न्याय? हे पटते, आणि एफडीएने मान्यता दिली ती याच तारतम्याने. पण खांदे उडवून एक मुद्दा टळत नाही. या वेळी सापडलेली जागा बहुधा निरुपद्रवी आहे, हा योग आहे. पुढच्या आरएनएच्या बाबतीत ती जागा कर्करोग रोखणाऱ्या जनुकात असू शकते, आणि जी जागा शोधलीच नाही ती निरुपद्रवी आहे की नाही हे कोण सांगणार? शिवाय त्याच अभ्यासाने उपायही दाखवला. जास्त काटेकोर, सुधारित कॅस९ वापरल्यावर तो चुकीचा काप जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हा उपचार थांबवा, अशी मागणी कुणीच करत नाही. मागणी एवढीच आहे, की भाकीत करताना ज्यांच्यावर उपचार करायचा त्यांचे जनुकसंच समोर असावेत. जे कळले, ते कळले म्हणूनच टाळता आले.

हा मुद्दा आपल्याकडे येऊन थेट भिडतो. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल हा घराघरांत ओळखीचा आजार आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. भारतातल्या बहुतेक रुग्णांमध्ये हा दोष ज्या जनुकीय पार्श्वभूमीवर आढळतो, ती अरबी-भारतीय म्हणून ओळखली जाते आणि आफ्रिकेतल्या प्रकारांहून वेगळी आहे. भारतीयांचे जनुकसंच एकंदरच जागतिक नोंदींत कमी सापडतात. ‘इंडिजेन’ प्रकल्पात १०२९ भारतीयांचे जनुकसंच वाचले, तेव्हा साडेपाच कोटींहून अधिक फरक आढळले आणि त्यांतले सुमारे ३२ टक्के त्याआधीच्या जागतिक संग्रहांत नव्हतेच. परदेशी संग्रहावर चालवलेल्या शोधाने ‘धोका नाही’ असे म्हटले, तर या ३२ टक्क्यांबद्दल त्याने काहीच म्हटलेले नसते. जानेवारी २०२५ मध्ये जीनोमइंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांची माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रातून संशोधकांना खुली केली, ही म्हणून मोठी गोष्ट आहे. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेने फ्रान्सिसेला नोविसिडा या जिवाणूचे, मुळातच जास्त काटेकोर असलेले कॅस९ सिकलसेलसाठी वापरण्याचे काम चालवले आहे आणि त्यात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साथ घेतली आहे. २२ लाख डॉलरचा उपचार गडचिरोलीच्या रुग्णापर्यंत कधीच पोचणार नाही, हे उघड असताना देशी प्रयत्नांचे मोल वेगळे सांगायला नको.

पण देशी विकर आले म्हणजे देशी मोजमाप आले, असे समजू नये. फ्रान्सिसेलाच्या विकराच्या नोंदी कॅस९ इतक्या विपुल नाहीत, आणि बारा हजार जागांवरची सोलची मोजणी त्याला लागू पडत नाही. त्यासाठी स्वतंत्र मोजणी हवी. ती रक्तमूळपेशींत हवी. आणि त्या पेशी ज्या समाजांत हा आजार आहे, त्यांतल्या माणसांच्या संमतीने मिळालेल्या हव्यात. हे खर्चाचे आणि वेळखाऊ काम आहे, त्यातून चमकदार बातमी निघत नाही. मॉडेल बनवणाऱ्याचे नाव होते, नोंदी करणाऱ्याचे होत नाही; अनुदानेही त्याच हिशेबाने वाटली जातात. ही सवय मोडायला हवी. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी यंत्रे विकत घेता येतात, मॉडेले फुकट उतरवून घेता येतात. भिल्ल, गोंड, पावरा, महार, कुणबी अशा समाजांतल्या रुग्णांच्या पेशींत विकर काय करते, याच्या नोंदी मात्र कुठेही विकत मिळत नाहीत. त्या इथल्याच वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि संशोधनसंस्थांनी कराव्या लागतील. सिकलसेल मोहिमेत रक्ततपासणी गावोगाव होतेच आहे. ज्यांची इच्छा आहे त्यांच्या जनुकसंचाचे वाचन त्याला जोडणे अशक्य नाही. मात्र संमती खरी असावी, माहितीची गुप्तता पाळली जावी आणि निघणाऱ्या उपचारात त्या समाजांचा पहिला हक्क असावा, हे आधी लिहून ठेवायला हवे.

येत्या काही वर्षांत जनुकसंपादनाच्या बातम्या वाढत जातील आणि ‘संगणकाने आधीच तपासले आहे, धोका नाही’ हे वाक्य त्यांत वारंवार येईल. ते वाक्य खोटे असेलच असे नाही, पण ते अपुरे असते. मोजमाप कोणत्या पेशींत झाले, जनुकसंच कुणाचे होते आणि मॉडेलने निर्धोक ठरवलेल्या जागा नंतर कुणी प्रत्यक्ष तपासल्या का, हे वाचकाने, डॉक्टरने आणि नियामकाने विचारलेच पाहिजे. ज्या उपचाराकडे या तिन्हींची उत्तरे असतील, त्याचे भाकीत निर्धास्तपणे वापरावे. नसतील तर आधी नोंदी कराव्यात, मग मॉडेलकडे जावे.